सोड्यांची पिशवी

११ जानेवारी, शनिवार

हात अजून ऐकत नाही. अक्षर म्हणजे कागदावरून कोंबडी चालून गेली. फिजिओवाली पोरगी म्हणते, आजी, रोज पाच ओळी लिहा, बोटं मोकळी होतील. काय लिहू, म्हटलं. म्हणे, मनात येईल ते. मनात येईल ते लिहिलं तर पहिली तिचीच वाट लागेल! दर खेपेला माझा हात पिळते आणि वर विचारते, दुखतंय का.

चौथीपर्यंत शाळा. त्यानंतर आज पेन धरतेय. श्रुतिकाची जुनी वही आहे. पुढून तिचा भूगोल, मागून मी.

१२ जानेवारी, रविवार

श्रुतिका माझी नात. बारावीला आहे. तिला अमेरिकेत जाऊन समुद्र शिकायचाय.

म्हटलं, समुद्र शिकायला अमेरिका? वेंगुर्ल्याच्या समुद्रात काय दूध भरलंय?

माझा लेक नितेश हसला. ती हसली नाही. गुडघ्याच्या वर पाणी आलं तर किंचाळणारी ही, समुद्र शिकणार!

कपाटाच्या दारावर कागद चिकटवलाय. कॉलेजांची नावं, तीन रंगांत. हिरवी म्हणजे बहुतेक घेतील. पिवळी म्हणजे बघू. लाल म्हणजे नशीब. मला नावं येत नाहीत, फोटो बघून मी माझी ठेवलीत. एक बर्फाचं, एक तळ्याचं, एक घड्याळाचं. आणि एक लाल विटांचं, तिचा जीव त्यातच. किती पोरांना घेतात गो तिथे? तर शंभरात चार.

आणि ही तर बाहेरच्या देशातली. त्यात फी भरायला आमच्याकडे नाही, म्हणून अर्जातच मदत मागितलीय. मागणाऱ्यांची चाळणी वेगळी असते म्हणे. त्या चाळणीतून शंभरात एखादाच पडतो खाली.

‘मग अर्ज कशाला केलास?’

‘ती एखादी मी असले तर?’

बोलायला माझ्यावर गेलीय. बाकी सगळी आईवर, सुलक्षणावर.

१४ जानेवारी, मंगळवार

लाडू बिघडले. पाक पुढे गेला, एका हाताने काय ढवळणार. शेजारची कुंदा तरी दोनदा मागून खाऊन गेली. दात खरेच असावेत तिचे.

१६ जानेवारी, गुरुवार

घरात धावपळ. लाल विटांच्या कॉलेजात शिकलेला एक माणूस मुंबईत असतो. शौनक नाव. तो श्रुतिकाला भेटून कॉलेजला कळवणार, पोरगी कशी आहे. शनिवारी अकरा वाजता, स्टेशनच्या पूर्वेला, कॉफीच्या दुकानात.

म्हटलं, घरी बोलवा की. पोहे करते.

‘आजी! ते मुलगी बघायला येत नाहीयेत!’

‘मग काय बघायला येतायत?’

सुलक्षणाने कुर्ता तीनदा इस्त्री केला. बोलायचं काय ते फोनवरून सपना मॅडम शिकवतात. ह्या मॅडम अमेरिकेत पोरं पाठवण्याचं काम करतात. हळू बोल, प्रश्न विचार, हात हलवू नकोस. मी म्हटलं, हात हलवल्याशिवाय आमच्या घराण्यात कुणाला बोलता येत नाही, श्वास अडकतो.

१८ जानेवारी, शनिवार

काय करून बसले मी आज!

सकाळी भावाचा झिल मिथुन गावाहून आला. वहिनीने सोडे पाठवले, सोललेली सुकी कोळंबी. मोठे, लाल, मीठ बेताचं, कडक उन्हात वाळवलेले. इथे बाजारात सोडे म्हणून विकतात ती नखं असतात. पिशवी उघडली आणि मनात आलं, तो साहेब मराठी माणूस. इतकी वर्षं तिकडे राहून आला. सोड्यांची खिचडी कधी खाल्ली असेल?

आमच्यात कुणी आपल्या पोरासाठी वेळ काढला की त्याला रिकाम्या हाताने जाऊ देत नाहीत. नितेशच्या मास्तरांना मी कोकम दिलं. गावच्या डॉक्टरला कुळीथ. आमच्या ह्यांना, जयवंतांना, हॉस्पिटलात ठेवलं होतं तेव्हा तिथल्या नर्सला ओले काजू. कुणी नाही म्हटलं नाही. एवढा मोठा माणूस आपल्या चेडवासाठी शनिवार घालवतोय, आणि तो नुसती कॉफी पिऊन जाणार?

श्रुतिका निघून गेली होती. घरात कुणी नव्हतं अडवायला. अर्धे सोडे बांधले. अंगावर घरातलीच साडी, पदर खोचलेला, पायात बाथरूमच्या बाहेरच्या चपला. रिक्षा केली.

दुकान असं थंड की मसणातसुद्धा इतकं नसेल. ती पाठमोरी बसली होती. हात हलवून हलवून बोलत होती! एक शब्द कळला नाही, पण कुठे अडखळत नव्हती. तो गालावर हात ठेवून ऐकत होता. मी तिथेच थांबायला हवं होतं. दारात. नाही थांबले. गेले आणि पिशवी टेबलावर ठेवली, त्याच्या कॉफीला लागून.

‘साहेब, गावचे सोडे आहेत. पोरीकडे लक्ष असू द्या.’

श्रुतिकाच्या तोंडावरचं रक्त उतरलं.

तो म्हणाला, ‘अहो, नको नको. मला काही घेता येत नाही. नियम आहे.’

मी म्हटलं, ‘नियम ऱ्हवांदे बाजूक, सोडे घ्या.’ आणि पिशवी पुढे ढकलली. गाठ बांधली होती या लुळ्या हाताने. सुटली. वास पसरला. बंद दुकान, वारा नाही, वास जाणार कुठे? पलीकडच्या टेबलावरच्या बाईने नाकाला रुमाल लावला. काउंटरवरचा पोरगा माझ्याकडे चालत यायला लागला.

मग श्रुतिका त्याला इंग्रजीत काहीतरी म्हणाली. भरभर. खाली बघून. तो माझ्याकडे बघून हसला. एकदम मऊ झाला. ‘थँक यू हं मावशी,’ म्हणाला आणि पिशवी उचलून पायाशी ठेवली. बस, असं कुणी म्हटलं नाही. मी उभी.

‘तुम्ही जा आता घरी,’ श्रुतिका मला म्हणाली.

तुम्ही! जन्मल्यापासून मला तू म्हणते. इतकी चिडली होती.

१९ जानेवारी, रविवार

कोर्ट बसलं माझ्यावर. नितेश म्हणाला, ‘आई, तिकडे ह्याला लाच म्हणतात. लाच!’ सुलक्षणाने फक्त भांडी जोरात लावली. बोलली असती तर बरं.

सपना मॅडमना फोन लावला. मोठ्या आवाजावर ठेवला होता, सगळं ऐकू आलं. मॅडम म्हणाल्या, कुटुंबाने भेट दिली हे त्याने लिहून कळवलं तर फाइल तिथेच बंद. मग विचारलं, ‘तो नेमकं काय समजला, श्रुतिका?’

श्रुतिका एकदम ओरडली, ‘काही समजला नाही तो! मी सांभाळलंय! सोडा ना आता!’ आणि संडासात जाऊन कडी लावली. आमच्या दोन खोल्यांत रागवायला तेवढीच जागा.

मी लसूण सोलत बसले. कुणी सांगितला नव्हता.

२० जानेवारी, सोमवार

जन्मभर सुकी मासळी हाताळली. आईने वाळवली, मी निवडली, इथे आल्यावर टोपली घेऊन दारोदार विकलीसुद्धा. मला कधी वास आला नाही. त्या थंड दुकानात पहिल्यांदा मला माझा वास आला.

आज अंगाला दोनदा साबण लावला. म्हातारपणी ही थेरं.

२२ जानेवारी, बुधवार

हात दुखतोय. लिहीत नाही.

२६ जानेवारी, रविवार

पोरगी माझ्याकडे बघत नाही. जेवताना ताटात बघते, बोलताना भिंतीकडे. ओरडली असती तर मी पण चार शब्द ऐकवले असते, हिशोब मिटला असता. आमच्या घरात भांडण तसंच मिटतं.

उलट नवीनच सुरू केलंय. सकाळी केर काढायला घेतला तर आली आणि झाडू हिसकावला. ‘आजी, दे इकडे. तू नाही करायचं.’ जेवल्यावर माझं ताट उचललं, घासलं. मी म्हटलं, हात लुळा झालाय, मी मेले नाही अजून. तर डोळ्यांत पाणी!

कळलं मला. माझा हात कशाला लागायला नको तिला. मी जिथे हात लावीन तिथे नासवीन.

२ फेब्रुवारी, रविवार

कुंदा विचारत होती, ‘तुझ्या नातीचा तो साहेब भेटला का गो? काय म्हणाला?’

‘खूश झाला,’ म्हटलं. ‘उठून उभा राहिला तिच्यासाठी.’

खोटं बोलताना जीभ अडखळली नाही. हात तेवढा आजारी आहे, बाकी सगळं ठणठणीत.

९ फेब्रुवारी, रविवार

दुपारी सगळी झोपली होती. कपाटावरच्या त्या कागदासमोर उभी राहिले. शंभरात चार. म्हणजे शहाण्णव पोरं घरी बसणार. त्या शहाण्णवांच्या आज्यांनी काय केलं असेल? त्यांनी तर कुणी सोडे नेले नसतील. तरी त्यांना नाही येणारच. मग आमचं नाही आलं तर ते माझ्यामुळे की चाळणीमुळे, हे कुणी सांगायचं?

असा हिशोब घालून थोडं बरं वाटलं. मग आठवलं, ती म्हणाली होती, ती एखादी मी असले तर. ती एखादी असलीच, आणि मी मध्ये तडमडले असले तर?

हे लिहायला नको होतं.

१ मार्च, शनिवार

बारावीचे पेपर चालू आहेत. पेपरला जाताना सगळ्यांच्या पाया पडते. माझ्या पण. माझ्या पायाशी जरा जास्तच वेळ वाकते. मला वाटतं, पाठीत उसण भरलीय पोरीच्या. खुर्चीत बसून बसून.

१३ मार्च, गुरुवार

शिमग्याला गावी गेलो नाही. श्रुतिकाचा एक पेपर बाकी. वहिनीचा फोन. ‘सोडे कसे होते?’

‘झकास,’ म्हटलं. उरलेले अर्धे डब्यात तसेच आहेत, वरच्या फळीवर. करायची हिंमत होत नाही. डबा उघडला की सगळ्यांच्या तोंडावर ते दुकान उभं राहील.

२० मार्च, गुरुवार

नकार यायला लागले. बर्फाचं नाही म्हणालं. तळ्याचं नाही म्हणालं. दोन पत्रं एकाच दिवशी. श्रुतिका म्हणाली, गोड भाषेत लिहितात, खूप चांगले अर्ज आले, खूप अवघड गेलं. म्हटलं, पोर नाकारताना गोड बोलायची रीत इथेही आहे. मुलगी चांगली आहे हो, पण पत्रिका जुळत नाही.

ती हसली! जानेवारीपासून पहिल्यांदा. मग माझ्याकडे बघितलं आणि हसू गिळून टाकलं.

२५ मार्च, मंगळवार

घड्याळाचंही नाही. पिवळ्यातलं एक हो म्हणालं, पण मदत देणार नाही. मदत नाही म्हणजे हो नाहीच. हिरव्यातल्यांचं पण तेच.

उरलं एक. लाल विटांचं. शुक्रवारी पहाटे कळेल.

आज एक गोष्ट लिहिते, ती कुणाला सांगायची नाही. तिसरा नकार आला तेव्हा माझ्या मनात आलं — राहील. इथेच राहील पोरगी. आणि मला बरं वाटलं. क्षणभरच. पण वाटलं. पोरीचं तोंड एवढंसं झालेलं, आणि माझ्या आत कोण हे हसलं? सोडे नेले ते अडाणीपणाने. त्याची लाज धुतली जाईल. ह्याची कुठल्या साबणाने जाणार?

२८ मार्च, शुक्रवार

पहाट. दूध यायचं होतं अजून. नितेश, सुलक्षणा पोरीच्या मागे उभी. मी स्वयंपाकघरातच थांबले, न जाणो, माझी सावली नको.

मग सुलक्षणाची किंकाळी. मला वाटलं, संपलं.

हो म्हणाले! लाल विटांनी हो म्हटलं! मदतीसकट, राहण्याजेवणासकट! नितेश, एवढा घोडा झालाय, लहान पोरासारखा उड्या मारत होता. खालच्या मजल्यावरून काठीने छत ठोकलं. ठोका मेल्यांनो!

आणि श्रुतिका माझ्याकडे आली. स्वयंपाकघरात. माझ्या कमरेला मिठी मारून रडायला लागली. आनंदाचं रडणं मला कळतं, ते असं नसतं. हुंदके देऊन देऊन. ‘सॉरी आजी. सॉरी. सॉरी.’ मी म्हटलं, सॉरी माझ्याकडे आहे, तू कशाला म्हणतेस? नासवलं तर नाही ना मी? संपलं ते!

तिने मानच हलवत ठेवली.

आज मनात नीट तपासून बघितलं. बरं वाटतंय. पूर्ण. कुठे खोट नाही. हुश्श.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली. बिल्डिंगभर पेढे वाटले. कुंदा म्हणाली, ‘मी बोललेलेच.’ काय बोलली होती देव जाणे.

उरलेले सोडे काढले. खिचडी केली, नारळाचा रस घालून. पाडव्याला सोडे कुणी करत नाही, पण आमचा पाडवा ह्या वर्षी वेगळा. सगळ्यांनी हाताला वास येईस्तोवर खाल्ली. नितेश म्हणाला, ‘आई, ह्या खिचडीसाठी मी पण लाच घेतली असती.’ हसले सगळे. श्रुतिका उठून पाणी आणायला गेली.

मग म्हटलं, त्या शौनक साहेबाला पेढे द्यायला हवेत. त्याने कळवलं नाही म्हणून तर पोरीचं झालं. मोठा माणूस.

श्रुतिका एकदम, ‘नको आजी!’

‘का? आता तर निकाल लागला. आता ती लाच नाही.’

‘नको म्हटलं ना! त्यांना भेटायचं नाही. प्लीज. तू तर अजिबात जाऊ नकोस.’

तू तर अजिबात. म्हणजे माझी लाज अजून गेली नाही तिच्या मनातून. जायची कशी, एवढं नाक कापलं मी तिचं.

४ एप्रिल, शुक्रवार

ठरवलं. उद्या मी जाणार. पोरगी बोलली होती एकदा, तो दर शनिवारी सकाळी त्याच दुकानात बसतो, कॉलेजला जाणाऱ्या पोरांना तिथेच भेटतो. चांगली साडी नेसणार, ती मोरपिशी. पायात नवे सँडल. पेढ्यांचा बॉक्स दुकानातला, वर कागद, कसला वास नाही. दारात उभी राहीन, तो एकटा असेल तरच आत जाईन. माझी चूक झाली म्हणेन, माझी लाज मीच धुवीन. मग पोरगी माझ्याकडे नीट बघेल.

जायच्या आधी तिने माझ्याकडे नीट बघावं, एवढंच.

५ एप्रिल, शनिवार

एकटाच होता. मोरपिशी साडीतही ओळखलं त्याने मला.

‘अरे, मावशी! श्रुतिकाकडच्या ना? सोडे काय होते हो! तिने तेव्हाच सांगितलं मला, कामाला आहात पण घरच्यासारख्याच. किती वर्षं झाली तुम्हाला तिच्याकडे?’

पेढे हातात होते. एका शब्दात सगळं सांगता आलं असतं.

‘पोरगी जन्मली तेव्हापासून,’ म्हटलं. ‘ताईंनी पेढे पाठवलेत.’

त्याने लगेच एक तोंडात टाकला. फीला मदत मागणाऱ्या घरात कामाला बाई कशी, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. पगार विचारला नाही, तेही बरं झालं.

अर्ज वाचवायला बोलली, की माझी लाज वाटली म्हणून बोलली? विचारणार नाही.

घरी आले. पोरगी गुडघ्यांवर बसून लादी पुसत होती. पुसू दिली.